आरसेमहाल आणि अजबबंगला

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे. – संपादक)



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘सेल्फी म्युझियम’ असा फळ्यावर लिहिलेला पाहून काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि मागच्या रांगेत तरुण मंडळींत खसखस पिकली. कापसाचा भाव, कंत्राटी कामगारांचे हाल, बंद पडत चाललेल्या शाळा असे प्रश्न दारात उभे असताना या पोरखेळावर तासभर का घालवावा, ही शंका रास्त आहे. माझे म्हणणे एवढेच की, लोक आपला मोकळा वेळ कोठे घालवतात, त्यासाठी पदरचे किती पैसे मोजतात आणि त्या वेळात त्यांना काय पाहायला मिळते, हा अर्थकारणाचाही प्रश्न आहे आणि राजकारणाचाही. कामाच्या आठ तासांसाठी आपल्या चळवळीने पिढ्यान् पिढ्या लढे दिले. उरलेल्या तासांवर कोणाची मालकी चालते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

प्रथम ही वस्तू आहे काय, ते सांगतो. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी अशी कल्पना करावी: मोठ्या शहरातील एखाद्या मॉलमध्ये आठ-दहा दालने भाड्याने घेतलेली असतात. एका दालनात पलंग, खुर्च्या, दिवे सारे छताला उलटे टांगलेले असते. दुसऱ्यात रंगीत प्लास्टिकच्या चेंडूंचा हौद असतो. तिसऱ्यात चारही बाजूंनी आरसे आणि मध्ये दिव्यांच्या माळा. चौथ्यात भिंतीवर व जमिनीवर असे चित्र रंगवलेले असते की, त्यापुढे उभे राहून फोटो काढला म्हणजे माणूस मगरीच्या जबड्यात उभा असल्याचा भास व्हावा. प्रेक्षकाने तिकीट काढून आत जायचे, प्रत्येक दालनात आपला फोटो काढायचा व बाहेर यायचे. पाहण्याजोगी म्हणून वेगळी वस्तू तेथे नसते. दालन पडदा पुरवते आणि चित्रातली वस्तू प्रेक्षक स्वतः होतो.

या प्रकाराचा इतिहास फार जुना नाही. २०१० साली इन्स्टाग्राम सुरू झाले. त्याच वर्षी आयफोनला पुढचा कॅमेरा आला. २०१३ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘सेल्फी’ हा त्या वर्षीचा शब्द म्हणून निवडला. २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये ‘म्युझियम ऑफ आइस्क्रीम’ निघाले व त्याच वर्षी आपल्या चेन्नईत चित्रकार ए. पी. श्रीधर यांनी फसव्या चित्रांचे ‘क्लिक आर्ट म्युझियम’ काढले. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे तर उघडपणे ‘सेल्फी म्युझियम’ या नावानेच एक प्रदर्शन उभे राहिले. नंतर ही लाट आपल्या महानगरांतून पसरत गेली.

‘म्युझियम’ हा शब्द येथे का वापरला जातो? आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ साली प्राग येथे संग्रहालयाची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात संग्रहालय म्हणजे नफ्यासाठी न चालणारी, कायमस्वरूपी, समाजाच्या सेवेसाठी असलेली संस्था असे म्हटले आहे. वारशाचे संशोधन, संग्रह, जतन, विवरण आणि प्रदर्शन ही तिची कामे सांगितली आहेत. या कसोटीवर सेल्फी म्युझियमचे काय होते पाहा. ते नफ्यासाठी चालते, मॉलशी झालेला भाडेकरार असेल तोवरच टिकते, आणि त्याच्यापाशी संग्रह नसतो. उरतो तो केवळ नावाचा मान. लोकांच्या मनात संग्रहालयाविषयी जो आदर दीडशे वर्षांत साचला आहे, तो येथे फुकटात वापरला जातो.

एक प्रत्यक्ष भेट

गेल्या वर्षी मुंबईस मुलीकडे गेलो असता नातीच्या आग्रहाने मी अशा एका ठिकाणी जाऊन आलो. ठिकाणाचे नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका मालकाचा नाही. तिकीट माणशी काहीशे रुपयांचे होते. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २९७ रुपये होती, एवढे मनात ठेवून आपण आत जाऊ.

नातीला मजा आली, हे मी प्रथमच सांगून टाकतो. तिच्या आनंदात खोट नव्हती. मला मात्र तेथील एक गोष्ट विचारात पाडून गेली. प्रत्येक दालनाच्या जमिनीवर पावलांच्या खुणा चिकटवलेल्या होत्या. एका खुणेवर ज्याचा फोटो काढायचा त्याने उभे राहायचे आणि दुसरीवर फोटो काढणाऱ्याने. खुणेवरून हातभर जरी सरकले तरी भास मोडतो, मगर केवळ रंगवलेली भिंत होऊन बसते. याचे कारण प्रकाशशास्त्रात आहे. ही चित्रे एका ठराविक बिंदूवरून, एकाच डोळ्याने पाहिली तरच खरी भासतात. माणसाला दोन डोळे आहेत आणि मान हलवायची सवय आहे, म्हणून तो सहसा फसत नाही. कॅमेरा एकाक्ष असतो आणि सांगितले तेथे स्थिर राहतो. म्हणूनच या दालनांत उभ्या असलेल्या माणसाला काही विशेष दिसत नाही, दिसते ते नंतर, फोनच्या काचेत. आम्ही तेथे तासभर होतो. त्या तासाभरात माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक सर्वांनी त्याच खुणांवर उभे राहून तेच फोटो काढले. चेहरा ज्याचा त्याचा, बाकी सारे मालकाचे.

दालनादालनांतून एकेक मुलगी उभी होती, वय वीस-बावीस. लोकांचे फोन हाती घेऊन त्यांचे फोटो काढून देणे, चेंडू गोळा करणे, आरशांवरचे हातांचे डाग पुसणे हे तिचे काम. आरशांच्या दालनातील मुलीला मी विचारले, “दिवसभर उभीच असतेस का?” ती म्हणाली, “बसायला काही नाही ना, काका. खुर्ची ठेवली तर ती फोटोत येते.” तुझा स्वतःचा फोटो काढलास की नाही, असे विचारल्यावर ती हसली. कामाला लागताना फोन जमा करून घेतात, असे तिने सांगितले. त्या दालनात तिची शेकडो प्रतिबिंबे पडत होती, पण आलेल्या प्रत्येकाच्या फोटोतून तिला बाजूला सरकावे लागत होते.

मित्रहो, खुर्ची फोटोत येते म्हणून कामगाराने उभे राहायचे, हा तपशील किरकोळ नाही. केरळात कापड दुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे झगडून ‘बसण्याचा हक्क’ मिळवला. २०१८ साली त्या राज्याने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात तशी दुरुस्ती केली. तामिळनाडूने २०२१ मध्ये तिचे अनुकरण केले. आपल्याकडे मात्र प्रवास उलट्या दिशेने चालला आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले, आणि २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. अशा छोट्या रंगीत दालनांत उभ्या असणाऱ्या मुली कोणत्या बाजूला पडणार, हे सांगायला नको.

मजुरी न घेणारा कामगार

आता या धंद्याच्या अर्थशास्त्राकडे वळू. मालकाचा खर्च पाहा. प्लायवूड, प्लास्टिक, रंग, दिवे, भाडे आणि चार-सहा कमी पगाराची माणसे. जाहिरातीचा खर्च तुलनेने अल्प, कारण जाहिरात प्रेक्षकच करतात. तिकिटाचे पैसे भरून आत आलेला प्रत्येक जण बाहेर पडताना दहा-वीस फोटो आपल्या मित्रपरिवारात पसरवतो. ते पाहून दुसरे येतात. म्हणजे ग्राहकाने पैसेही द्यायचे आणि मालकासाठी कामही करायचे, तेही मजुरीवाचून आणि आनंदाने. भांडवलशाहीने पूर्वी असा कामगार स्वप्नातही पाहिला नव्हता.

कॅनडाचे अर्थशास्त्रज्ञ डॅलस स्माइथ यांनी १९७७ साली एक मुद्दा मांडला होता. व्यापारी प्रसारमाध्यमे कार्यक्रम विकतात असे आपण समजतो, परंतु ती वास्तविक प्रेक्षक विकतात आणि गिऱ्हाईक असतो जाहिरातदार. हा मुद्दा रेडिओ-दूरदर्शनच्या काळातला. फोनच्या काळात तो कितीतरी पुढे गेला आहे. २०१२ साली फेसबुकने इन्स्टाग्राम ही कंपनी १०० कोटी डॉलरना विकत घेतली, त्या वेळी तिच्यात अवघे १३ कर्मचारी होते. तेरा माणसांच्या श्रमाचे मोल १०० कोटी डॉलर होत नाही. ते मोल होते त्या कोट्यवधी लोकांचे, जे रोज आपली छायाचित्रे तेथे आणून टाकत होते. त्या व्यवहारात त्यांच्या वाट्याला एक पैसाही आला नाही, आणि आपण काही निर्माण केले आहे याची जाणीवही त्यांना नव्हती.

याच्या जोडीला आपल्या नागपूरचे उदाहरण ठेवतो. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी येथे सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले तो हाच दिवस, म्हणून हे नाव. त्याच वर्षी त्या गिरणीत मजुरीच्या दरावरून संप झाला. भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात नोंदलेल्या अगदी आरंभीच्या संपांत त्याची गणना होते. हे कशामुळे शक्य झाले? कामगारांचे नाव हजेरीपटावर होते, मजुरीचा दर ठरलेला होता, आणि आपण कोणासाठी राबतो हे डोळ्यांसमोर होते. शंभराहून अधिक वर्षे चालून या शतकाच्या आरंभी ती गिरणी कायमची बंद झाली आणि तिच्या जागेवर ‘एम्प्रेस’ याच नावाचा मॉल उभा राहिला. गिरणीच्या दारातून आत जाणाऱ्याला आपण कामगार आहोत हे ठाऊक होते. आज फोन हातात घेऊन मॉलच्या दारातून आत जाणारा स्वतःला ग्राहक समजतो, पण तोही तेथे थोडेबहुत काम करूनच बाहेर पडतो. हे काम हजेरीपटावर येत नाही, म्हणून त्याचा संपही होऊ शकत नाही.

तळ्याच्या दुसऱ्या बाजूला

एम्प्रेस मॉल गांधीसागर तळ्याच्या जवळ आहे. त्याच तळ्याजवळ ७ मार्च १९९२ पासून रामन विज्ञान केंद्र उभे आहे. ‘हात लावू नये’ ही पाटी काढून टाकून, प्रेक्षकाने स्वतः हाताळून शिकावे अशी संग्रहालये काढण्याची जी कल्पना आहे, तिचे हे नागपुरातील रूप होय. सेल्फी म्युझियमवाले ज्याला आज ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणून मिरवतात, ती कल्पना मुळात येथली आहे. तिचा वंशवृक्ष आपल्या वाचकांना कळला पाहिजे.

अणुबॉम्बच्या प्रकल्पाचे वैज्ञानिक प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे बंधू फ्रँक हेही पदार्थवैज्ञानिक होते. तरुणपणी ते अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते. १९४९ साली या गोष्टीवरून त्यांची विद्यापीठातील नोकरी गेली. सुमारे दहा वर्षे त्यांनी कोलोरॅडोत गुरे पाळून काढली, मग शाळेत शिकवले. १९६९ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे ‘एक्स्प्लोरेटोरियम’ हे विज्ञान संग्रहालय काढले. सामान्य माणसाला जगाचे नियम स्वतःच्या हातांनी तपासता आले, तर कोणीही काहीही सांगितले तरी तो निमूटपणे मान डोलावणार नाही, ही त्यामागची श्रद्धा होती. आपली उपकरणे कशी बनवावीत, याची पुस्तके त्यांच्या संस्थेने प्रसिद्ध केली, जेणेकरून कोणालाही ती बनवता यावीत. आपल्या देशात १९५९ साली कलकत्त्यात बिर्ला औद्योगिक व तंत्रविज्ञान संग्रहालय निघाले आणि १९८५ साली मुंबईत नेहरू विज्ञान केंद्र उभे राहिले. रामन केंद्र याच परंपरेतले.

आता एक तुलना करा. दोन आरसे एकमेकांशी कोन करून उभे केले की त्यांच्यामध्ये ठेवलेल्या वस्तूच्या अनेक प्रतिमा दिसतात. साठ अंशांच्या कोनात पाच. कोन लहान करत गेले की प्रतिमांची संख्या वाढत जाते, आणि आरसे समोरासमोर आले की ती मोजता येईनाशी होते. विज्ञान केंद्रात मुलाने आरसा स्वतः फिरवायचा असतो, प्रतिमा मोजायच्या असतात, आणि असे का होते हा प्रश्न घेऊन घरी जायचे असते. सेल्फी म्युझियममध्ये आरसे भिंतीला पक्के ठोकलेले असतात. एका कोपऱ्यात माणूस राक्षसाएवढा आणि दुसऱ्यात अंगठ्याएवढा दिसावा अशी तिरपी खोलीही तेथे बहुधा असते. ती खोली अमेरिकेतील ॲडेलबर्ट एम्स यांनी उभारली, आपला मेंदू डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ कसा लावतो, हे तपासण्यासाठी. एकच आरसा, एकच खोली. एके ठिकाणी ती भ्रम कसा निर्माण होतो ते दाखवते, दुसऱ्या ठिकाणी तोच भ्रम तिकीट लावून विकला जातो आणि त्याची उकल सांगण्याची तसदी कोणी घेत नाही.

गॅल्ब्रेथ यांनी १९५८ साली अमेरिकेविषयी लिहिताना खाजगी सुबत्ता आणि सार्वजनिक हलाखी यांच्या विसंगतीवर बोट ठेवले होते. खाजगी मालकीचे सारे झगझगीत होत जाते आणि सर्वांच्या मालकीचे सारे कळाहीन होते. ज्या समाजात मॉलमधील भ्रमाची खोली दर सहा महिन्यांनी नव्याने रंगवली जाते आणि सरकारी संग्रहालयाच्या कपाटातील चिठ्ठीवरची शाई उडून गेली तरी ती बदलली जात नाही, त्या समाजाला हे वर्णन लागू पडते. तरुण मंडळी संग्रहालयाकडे फिरकत नाहीत अशी तक्रार करण्यापूर्वी आपण त्यांना तेथे काय ठेवले आहे, हे पाहिले पाहिजे.

स्वतःला दाखवण्याचा हक्क

येथवर ऐकून कोणाला वाटेल की, हा म्हातारा तरुणांच्या सेल्फीवर तुटून पडणार. तसे नाही. या प्रश्नाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे, आणि ती समाजवाद्यांनी तर विसरताच कामा नये.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण सारे अजबबंगला म्हणतो, ते १८६३ साली स्थापन झाले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीतली ही घटना. त्यात शिल्पे आहेत, ताम्रपट व नाणी आहेत, भुसा भरलेले पशुपक्षी आहेत आणि आदिवासी जीवनाचे दालन आहे. त्या काळात राज्यकर्त्यांना या प्रदेशाचा अभ्यास करायचा होता. तो आस्थेनेही झाला, हे नाकारता येणार नाही. टाकळघाटच्या प्राचीन शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप त्याच वर्षी, १८६३ च्या सप्टेंबरात, नाल्याच्या पुरात बुडून मरण पावले. येथील आदिवासींविषयीची त्यांची टिपणे पुढे टेंपल यांनीच १८६६ साली संपादित करून प्रसिद्ध केली. तथापि या साऱ्या ज्ञानव्यवहारात गोंड माणूस कोठे होता? तो कपाटात होता. त्याचे दागिने, त्याची हत्यारे, त्याचे देव मांडून ठेवलेले, आणि पाहणारा दुसराच. आपल्याविषयी काय सांगावे हे त्याला कोणी विचारले नाही.

छायाचित्राचीही हीच कथा. कित्येक दशके छायाचित्र ही सुखवस्तू घरांची मिरास होती. कष्टकरी कुटुंबाला फोटो मिळायचा तो जत्रेतल्या तंबूत, ताजमहाल रंगवलेल्या पडद्यापुढे किंवा पुठ्ठ्याच्या मोटारीत बसून. तोही उभ्या आयुष्यात एखादाच. कित्येकांचा तर तेवढाही निघाला नाही, आणि मेल्यावर भिंतीला लावायला तसबीर नाही म्हणून घरची माणसे हळहळली. आज शेतमजुराची मुलगी स्वतःचा चेहरा, स्वतःला हवा तसा, स्वतःच्या हाताने टिपू शकते. कोणी आपल्याला पाहावे ही तिची इच्छा उथळ नाही. ज्यांच्याकडे शतकानुशतके कोणी पाहिले नाही, किंवा पाहिले ते केवळ हिणवण्यासाठी, त्यांच्या दृष्टीने ती प्रतिष्ठेची गोष्ट आहे.

याचे सर्वांत मोठे दर्शन आपल्याच शहरात दरवर्षी घडते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जेथे धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी खेड्यापाड्यांतून लोक येतात. पुस्तके विकत घेतात, आणि स्तूप मागे दिसेल असे उभे राहून कुटुंबासह फोटो काढतात. हीसुद्धा सेल्फीच आहे. पण त्या फोटोतला मागचा पडदा त्यांच्या स्वतःच्या इतिहासाचा आहे. तो त्यांना कोणी तिकिटाने विकलेला नाही. कोठे उभे राहायचे याच्या खुणा तेथे जमिनीवर चिकटवलेल्या नसतात. फोटो पाहणाऱ्या नातवाला उद्या विचारावेसे वाटेल की ही इमारत कोणती, येथे काय घडले होते, आणि घरातले कोणीतरी ते सांगेल. म्हणून मी म्हणतो की, आक्षेप सेल्फीला नाही. विचारायचा प्रश्न हा की, मागचा पडदा कोणाचा?

सरकारी पडदा

हा प्रश्न मॉलपुरता राहिला असता तर मी आपला इतका वेळ घेतला नसता. पण राज्यसंस्थेनेही हा धडा गिरवला आहे. २०२३ च्या अखेरीस रेल्वे स्थानकांवर ‘सेल्फी पॉइंट’ उभारले गेले. पंतप्रधानांची प्रतिमा, सरकारच्या योजनांचा देखावा, आणि त्याशेजारी प्रवाशाने उभे राहून फोटो काढायचा. माहितीच्या अधिकारात विचारल्यावर मध्य रेल्वेने, जिच्या पाच विभागांत आपला नागपूर विभागही येतो, खर्चाचा तपशील दिला. तात्पुरत्या सेल्फी पॉइंटला प्रत्येकी सव्वा लाख रुपये, कायमस्वरूपी सेल्फी पॉइंटला प्रत्येकी सव्वासहा लाख. त्याच डिसेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना पत्र लिहून आवारात असे सेल्फी पॉइंट उभारण्यास सांगितले. टीका झाल्यावर ते ऐच्छिक असल्याचा खुलासा करण्यात आला. मी आयुष्यभर महाविद्यालयात शिकवले. ग्रंथालयाला नियतकालिकांसाठी पैसे नाहीत, अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर भरायच्या, आणि विद्यार्थ्याला देशाचे कर्तृत्व कळावे म्हणून त्याला पुठ्ठ्याच्या पडद्यापुढे उभे करायचे, ही कल्पना उच्च शिक्षणाच्या नियामक संस्थेला सुचावी, याचे दुःख मला अधिक वाटते.

मॉलमधील पडदा आणि स्थानकातील पडदा यांची रीत एकच आहे. दोन्हीकडे उभे राहण्याची जागा आधी ठरलेली. दोन्हीकडे जाहिरात करणारा तो स्वतः, मोफत. दोन्हीकडे त्याला वाटते की चित्र माझे आहे. फरक इतकाच की, पहिल्या ठिकाणी त्याने तिकिटाचे पैसे दिलेले असतात आणि दुसऱ्या ठिकाणी कराचे. नागरिकाने सरकारकडे डोळे उघडे ठेवून पाहावे, प्रश्न विचारावा, हिशेब मागावा अशी लोकशाहीची अपेक्षा असते. सेल्फी पॉइंटवर उभा राहिलेला नागरिक सरकारकडे पाठ करून कॅमेऱ्याकडे पाहत हसत असतो. कोणत्या पक्षाचे सरकार हा येथे मुद्दा नाही. चौकाचौकांतील फ्लेक्स पाहिले तर या रोगापासून कोणताच पक्ष मुक्त नाही. आपल्या सभांतही भाषण चालू असताना वक्त्याकडे पाठ करून फोटो काढणारे कार्यकर्ते वाढले आहेत, हे डोळ्यांआड करून चालणार नाही.

आपण काय करावे

तक्रार करून थांबणे हे कार्यकर्त्याचे लक्षण नव्हे. म्हणून चार कामे सुचवतो.

पहिले काम, माहितीच्या अधिकाराचे. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक सार्वजनिक संस्थेने सेल्फी पॉइंटवर किती खर्च केला, हे २००५ च्या कायद्याखाली विचारा. त्याच अर्जात ग्रंथालयावर आणि प्रसाधनगृहांवर किती खर्च केला तेही विचारा, आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून सभेत वाचा. भाषणाची फारशी गरज पडणार नाही.

दुसरे काम, दालनांत उभ्या असणाऱ्या मुलींचे. बसण्याचा हक्क महाराष्ट्रातही मिळाला पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांनी हाती घ्यावी. मॉल, दुकाने, खाजगी प्रदर्शने या सर्वांत काम करणाऱ्या स्त्रिया आज विखुरलेल्या आहेत. केरळातल्या स्त्रियाही आरंभी तशाच विखुरलेल्या होत्या.

तिसरे काम, अजबबंगल्याचे. हे संग्रहालय राज्य शासनाचे, म्हणजे आपले आहे. कामगार कुटुंबांना सवड असते त्या संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी ते उघडे राहावे, महानगरपालिकेच्या शाळांतील मुलांच्या भेटी ठरवून व्हाव्यात, वस्तूंची माहिती मराठी, हिंदीबरोबर गोंडीतूनही मिळावी, आणि आदिवासी दालनात काय मांडावे व काय सांगावे हे ठरवताना आदिवासी अभ्यासकांना मानाने बोलावले जावे. मुलांना तेथे फोटोही काढू द्यावेत. बाराशे वर्षांपूर्वीच्या मूर्तीशेजारी आपला चेहरा पाहून एखाद्या मुलीला, ही घडवणारे हात कोणाचे, असा प्रश्न पडला तरी संग्रहालयाचे काम झाले.

चौथे काम मोठे आहे. नागपूरच्या गिरणी कामगारांचे संग्रहालय या शहरात नाही, ते उभे राहिले पाहिजे. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातील भांडी अशा साध्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने तो संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. एका माणसाला जे जमले ते एका चळवळीला का जमू नये? अनेक घरांच्या माळ्यांवर आजही गिरणीचे बिल्ले, पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, संपाची पत्रके पडून असतील. ती गोळा करण्यास भांडवल लागत नाही, माणसे लागतात. आज जे वृद्ध कामगार हयात आहेत त्यांच्या आठवणी नोंदवून घेण्यास तर आता फारच थोडी वर्षे उरली आहेत.

या वर्गास आलेल्या तरुणांना माझी विनंती आहे की, फोन घेऊन या कामाला लागा. ज्या फोनवर तुम्ही स्वतःचा फोटो काढता, त्याच फोनवर आपल्या वस्तीतील एका निवृत्त गिरणी कामगाराचा फोटो काढा, त्याचे खाते कोणते होते, मजुरी किती होती, कोणत्या संपात तो होता हे त्याच्याच तोंडून नोंदवून घ्या. त्याच्याबरोबर सेल्फी काढायची असेल तर अवश्य काढा. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने अशी एक तरी नोंद आणावी, असे सुचवून मी माझे बोलणे संपवतो.